साहेबांचा देव

तासगावजवळच्या एका द्राक्ष प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. आमचे साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी चपला काढून हात जोडायचे. द्राक्षावरच्या रोगांवर केलेल्या कामाबद्दल त्यांना मोठा पुरस्कार मिळाला होता. त्यांचं प्रत्येक वाक्य "बरोबर ना?" ने संपायचं, पण उत्तराची वाट ते कधी बघत नसत. एवढा शिकलेला माणूस इतका श्रद्धाळू, याचं मला कौतुक वाटायचं.

एका वर्षी त्यांनी सांगितलेल्या फवारणीने एका म्हाताऱ्या बागायतदाराची फुलोऱ्यातली बाग करपली. चिठ्ठीवर औषधाचं प्रमाण साहेबांनीच चुकून दुप्पट लिहिलं होतं. म्हातारा ती चिठ्ठी आणि काळे पडलेले घड घेऊन आला.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, तिची घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मग भिंतीवरच्या गणपतीकडे बोट दाखवून म्हणाले, "आपण प्रयत्न करायचे, फळ त्याच्या हातात. बरोबर ना?"

म्हातारा आवाज न चढवता म्हणाला, "आवं सायेब, बक्षीस घ्यायला तुमी एकटंच गेला हुता. आन् आता देवाला पुढं करताय व्हय?"

तो गेल्यावर साहेबांनी मला अहवालात नुकसानीचं कारण 'प्रतिकूल हवामान' असं लिहायला सांगितलं. त्या आठवड्यात आभाळ स्वच्छ होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. साहेबांनी खाली सही केली आणि शिक्का मी मारला.