अँपोन्सा मास्तरांची शाई

आमच्या डंक्वा गावात पांढरा कोट घालून चर्चला जाणारा एकच माणूस, अँपोन्सा. सगळे त्याला मास्तर म्हणतात. आयुष्यात त्याने शिकवलं कुणालाच काही नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो शाई बनवतो. मी तिथे बाटल्या धुते.

शाई म्हणजे कार्बाइडचे काळेभोर, कागदाहून पातळ पापुद्रे, पाण्यात विरघळल्यासारखे दिसणारे. ती पट्टीवर फासायची, पट्टी पाण्यात बुडवायची, पाण्यात पारा असला की यंत्रावर आकडा चढतो. नदीच्या वरच्या अंगाला सोनं खणणारे पारा ओततात, म्हणून आमच्याकडे ही पट्टी जीव की प्राण. आणि मास्तरांचा तोरा तर विचारूच नका! मक्याच्या पिठाची केंकी विकणाऱ्या बायकांना थांबवून "मी कार्बाइडवाला आहे, नायट्राइडही जमतं मला" म्हणून सांगायचा. त्या बिचाऱ्या मान डोलवायच्या आणि पाठ फिरली की हसायच्या.

ही शाई थंड ठेवावी लागते, हवा लागू द्यायची नाही. मार्चमध्ये चार दिवस वीज गेली. मास्तर गावाला मयताच्या जेवणाला गेलेले, झाकणही नीट लावलेलं नाही. परत आले तेव्हा शाई राखेच्या रंगाची झाली होती.

"मास्तर, ही पांढरी पडलीय हो."

"तू बाटल्या धू. पापुद्रे तुझ्या आजोबांनी पाहिलेत का?"

त्याच आठवड्यात न्यार्कोआ आजीच्या विहिरीचं पाणी तपासायला आलं. पाऱ्याचा संशय म्हणून विहीर बंद होती आणि आजीची लेक सेर्वा सात महिन्यांची पोटुशी. बाळासाठी ते पाणी चालेल की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. पट्टी तपासायची रीत सोपी आहे: आधी पारा घातलेलं माहितीतलं पाणी दाखवायचं, आकडा चढला तरच पट्टी जिवंत. मास्तरांना तेवढ्याचाही कंटाळा आला. त्याच शाईची पट्टी बुडवली, यंत्रावर शून्य दिसलं. त्यांनी ऐटीत कागद लिहिला, "पाणी स्वच्छ," आणि विहीर उघडली.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याने माहितीतलं पाणी दाखवलं. शून्य. पुन्हा दाखवलं. शून्य. शी, त्याचं तोंड बघायला हवं होतं तेव्हा! नवी शाई बनवून आजीच्या विहिरीचं उरलेलं पाणी तपासलं, तर आकडा नुसता वर वर. जुन्या शाईची बरणी त्याने मोरीत ओतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुणाला बोललीस तर तुझीही नोकरी जाईल."

मी रोज कुजबुजायचे, "मास्तर, आजीला सांगा हो." तो म्हणायचा, उद्या. कोटाला इस्त्री करायला मात्र वेळ होता. नवव्या दिवशी मी चिडून म्हटलं, "आत्ता येता की मीच जाऊ?" तेव्हा कुठे हलला. कोट घालूनच!

आमच्याकडे घरी आलेल्याला आधी पाणी देतात. तो प्यायल्याशिवाय कशाला आलात हे विचारत नाहीत. सेर्वाने पितळी पेला भरून आणला. मास्तरांनी दोन्ही हातांनी धरला आणि धरूनच बसले. ओठांना लावेनात.

आजी वाट बघत होती. "प्या ना, मास्तर."

"तहान नाही मला, आजी."

असं आमच्यात कुणी म्हणत नाही, अगदी भांडायला आलेला माणूससुद्धा. आजीने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे.

"तुमच्याच कागदाचं पाणी आहे की हे."

त्याने पेला जमिनीवर ठेवला. "कागद चुकला होता," एवढंच तो पुटपुटला. सेर्वाचा हात पोटावर गेला. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

"कधीपासून माहीत होतं?" आजीने विचारलं.

"नऊ दिवस."

आजीने त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. ती माझ्याकडे वळली. या नऊ दिवसांत रोज सकाळी मी तिच्या दारावरून कामाला गेले होते आणि सेर्वा विहिरीवर दिसली की हात हलवत होते.

"आणि तुला गं?" आजी म्हणाली.

मलाही नऊच.