कार्बनची वही

बेलापूरजवळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी भरतीच्या खिडकीवर बसतो. गरिबांसाठी काही खाटा राखून ठेवणं आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे. मात्र कुणी त्या मागितल्या की 'शिल्लक नाही' म्हणायचं, अशी मला वरून तोंडी ताकीद होती.

पण उरणच्या एक मावशी कित्येक वर्षं खिडकीवर येत होत्या. बरोबर कुणीतरी आजारी असायचंच, कधी शेजारीण, कधी बसमध्ये ओळख झालेला माणूस. मावशी आवाज चढवायच्या नाहीत. पिशवीतून वही काढायच्या, दोन पानांमध्ये कार्बन सरकवायच्या आणि टोपण काढलेलं पेन माझ्यापुढे धरायच्या.

"खाट नाय ना बाला? मंग तसा लिवून दे. सही कर, शिक्का मार. एक कागद तुजा, एक माजा."

मी आत फोन करायचो आणि खाट निघायची. आभार मानणाऱ्या बाईला मावशी दटावायच्या, "त्याला कशाला हात जोरतेस? तुजीच हाय ती."

गेल्या आठवड्यात नवे अधीक्षक स्वतः खिडकीवर होते. "एकदा नाही म्हटलं ना," ते म्हणाले. मावशींनी वही त्यांच्याकडे वळवली. साहेबांनी पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसेच थांबले. मग त्यांनीच टोपण लावलं. पेशंट पंधरा मिनिटांत वॉर्डात होता.

जाताना मावशी वही खिडकीवर विसरल्या. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. इतक्या वर्षांत तिच्यात एक अक्षर उमटलेलं नाही.