म्यूटवरचा हातपंखा

कूलर लावला की ऑनलाइन बोलणं कठीण. नागपुरात एप्रिलच्या दुपारी तो बंदही ठेवता येत नाही. म्हणून बी.एड.च्या मुलींचे सरावाचे पाठ ऐकताना मी स्वतःला म्यूट करत असे. ओल्या वाळ्याचा वास, पडद्यातून गाळून आलेला हिरवट उजेड, आणि व्हिडिओ कॉलवर हुडकेश्वर भागातल्या तिच्या घरातून मलाच सहावीचं विज्ञान शिकवणारी एक मुलगी. दुपार कुठे जायची कळत नसे.

तिची अडचण एकच होती. प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायची. आधीच्या पाठावर शेरा आला होता, वर्ग बोलत नाही. शेवटचा पाठ जमला तरच जूनपासून एक शाळा तिला घेणार होती.

"विचारलं की थांबत जा," मी म्हटलं.

"थांबते ना, मॅडम. पण तुमचं हं नाही का हूं नाही. मले वाटते नेटवर्क गेलं."

"नेटवर्क गेलं वाटते का मी मेली वाटते?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि जीभ चावली.

व्याख्यान देण्यात अर्थ नव्हता. मी कपाटावरचा हातपंखा काढला. तो हलतो आहे तोवर मी ऐकते आहे, असं ठरलं.

मग आमच्या दुपारी संथ झाल्या. "माठातलं पाणी गार का होतं?" विचारून ती गप्प बसायची. मी उत्तर न देता पंखा हलवायची. तिच्या गच्चीवर पारवे घुमायचे, लांब कुठेतरी कुकरची शिट्टी व्हायची. माझे डोळे जड होत. पंखा थांबला की लगेच हाक यायची, "मॅडम, झोपून राहिल्या का?"

शेवटच्या पाठाला तिनं फोन वर्गाच्या मागच्या खिडकीत टेकवला. कोपऱ्यात परीक्षक बाई. माठाचा प्रश्न आला, आणि नंतर काहीच नाही. कुणी हलेना. चित्र अडकलं असं समजून मी फोन कापून पुन्हा लावणार, तेवढ्यात दिसलं, तिच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

ती थांबली होती.

मागून एक पोरगी म्हणाली, "माठाले घाम येते, मॅडम."

वर्ग खिदळला. परीक्षक बाईंनी पेन उचललं. तिनं मात्र ना पोरीला टोकलं, ना उत्तर सांगितलं. "बरं. मंग घाम वाळला की आपल्याले कसं वाटते?" आणि पुन्हा गप्प.

आता हात वर गेले, सगळे एकदम बोलू लागले, एक शब्द वेगळा ऐकू येईना. बाईंनी पेन तसंच हातात धरून मान पुढे केली.

जूनमध्ये ती त्या शाळेत रुजू झाली.

पाठाच्या त्या दुपारी फोनचा पडदा खिडकीबाहेरच्या बाजूला वळलेला होता, मी तिला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पाठ संपल्यावर माझं मनगट का दुखतं आहे म्हणून पाहिलं, तर हातपंखा अजून हलतच होता.