नागलीची करपलेली कणसं

सकाळच्या एसटीने सुरगाण्याहून निघाले तेव्हा मांडीवर नागलीच्या (नाचणीच्या) कणसांची पिशवी होती. दोन वर्षं आमच्या नागलीवर करपा पडतो आहे. काही ताटं (रोपं) काळी पडतात, त्यांच्याच शेजारची ठणठणीत राहतात. बियाणं माझ्या आईकडचं. ठणठणीत ताटांचं बी पुढेही तसंच निघेल का, एवढंच मला विचारायचं होतं. आमच्या पाड्यावर (वस्तीवर) येऊन गेलेल्या, बियाण्यांवर संशोधन करणाऱ्या मॅडमनी त्यासाठीच निफाडजवळच्या त्यांच्या प्रयोगाच्या शेतावर बोलावलं होतं.

नाशिकला गाडी बदलली. चांदोरीपुढे दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा लागल्या. बघताना माझा थांबा मागे पडला, पण कंडक्टरला हाक मारायची लाज वाटली. पुढच्या थांब्यावरून मागे चालत आले.

मॅडमनी आधी पाणी, चहा दिला, मग शेताचे दोन तुकडे दाखवले. पहिल्यात त्यांनी दोनच वाणांचा संकर केला होता. नागलीचं फूल तिळाहून बारीक, त्यात हे काम करायचं! त्या जोडीची नातवंडं, पणतवंडं ओळीने लावलेली. दुसऱ्यात गावोगावचं बी, जसं मिळालं तसं. दोन्हीकडे प्रत्येक ताटाच्या पानातल्या वंशाच्या खुणा तपासतात आणि करपा कुणाला झाला ते त्यांच्याशी ताडून बघतात. पहिली रीत भरवशाची, पण करपा टाळणारा गुण बियात कुठे राहतो त्याची नुसती आळी (गल्ली) दाखवते, घर नाही. दुसरी घरापर्यंत नेते, पण कधी चुकीच्या घरात. एका खोऱ्यातलं बी एकमेकांचं नातलगच असतं, म्हणून.

मी हळूच म्हटलं, "आमच्या पाड्यावर सगळ्यांची नाकं बसकी अन् सगळ्यांना कुळीथ आवडतात. म्हणून काय नाकामुळं कुळीथ आवडतात?"

मॅडम इतक्या हसल्या की मी पदर तोंडाला लावला. दोन्ही रीतींनी एकाच घराकडे बोट दाखवलं, तरच त्या विश्वास ठेवतात, म्हणाल्या. एवढं शिकून एवढा धीर!

मग त्यांनी पिशवी उघडली.

"ताई, सगळी चांगलीच आणलीत? करपलेली कुठे आहेत?"

लोकांना रोगट माल कसा दाखवायचा, म्हणून ती घरी कोंबड्यांसाठी ठेवली, असं मी सांगितलं. त्यांनी पिशवी बांधून परत माझ्या हातात दिली. शेजारी वाईट नसेल तर चांगलं कशामुळे चांगलं, हे कुठल्याच रीतीने कळत नाही, म्हणाल्या.

मी तिथूनच फोन लावला. सासूबाई सूप घेऊन दारातच होत्या.

"टाकू नका, आत्याबाई. बियाण्याला पाहिजेत."

"रोगट बियाणं? शहरात जाऊन डोकं फिरलं का तुझं? अन् कोंबड्यांना काय सांगू?"

परतीचा प्रवास मला फार लांब वाटला. घरी पोचले तर सासूबाई ओट्यावर, सूप मांडीत, कोंबड्या भोवती. दोनचार कणसं गेली होती, बाकी शाबूत. मी ती काळ्या दोऱ्याने बांधली आणि चिठ्ठीवर 'करपलेली' असं लिहिलं. आईने मला चांगलं तेवढं निवडायला शिकवलं होतं. आज ही जुडी मी त्याच पिशवीत, चांगल्या कणसांच्या शेजारी ठेवली.