विकर की विकार?

सुलोचनाबाईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथासाठी लिहायचं मी दोन महिने टाळलं, हे आधीच कबूल करतो. बाकीचे लेख प्राध्यापकांचे. मी दहावीला दोनदा बसून उठलेला.

बाई पहिल्यांदा भेटल्या पंचवटीच्या भाजीबाजारात. मी तेव्हा सुरगाण्याच्या जीपवर क्लीनर होतो. त्याआधी बरंच काही होतो, ते असो. "तिकडची नागली आणून द्याल?" बाईंनी विचारलं. मला 'द्याल' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

बाईंनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली. नोकरी सांभाळून मॅट्रिक, बी.एस्सी., एम.एस्सी. केलं, तिथेच शिकवू लागल्या आणि पन्नाशीनंतर पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता, मोड आलेल्या नागलीत, म्हणजे नाचणीत, पिठाची साखर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम. जीपच्या आवाजात मी ऐकलं 'विकार'.

वर्षानुवर्षं मी बाईंना नागली आणली ती सुरगाण्याच्या जनाबाईंच्या शेतातली; शेवटच्या खेपेला त्यांनी कारण विचारलं आणि मी तसंच सांगितलं. "मंग चांगली कशाला नेतोस? आजारीच ने की!" म्हणत त्यांनी बुरशी लागलेले काळे दाणे निवडून पिशवीभर दिले.

बाईंनी पिशवी उघडली आणि खाली बसल्या. प्रबंधाची मुदत सहा आठवड्यांवर आलेली. शेवटची मोजणी त्याच शेतातल्या नागलीवर व्हायला हवी, नाहीतर इतक्या वर्षांचं काम वाया. मी घडलेलं सांगितलं. बाई चष्मा काढून हसत सुटल्या. "चूक माझी. तुम्हाला शब्द दिला, अर्थ दिलाच नाही."

मग मला स्टुलावर बसवून त्यांनी एका नळीतल्या पिठाच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला. पाणी निळं झालं. दुसऱ्या नळीतल्या तशाच पाण्यात मोडांचा रस आधीच घातलेला. तिथे निळं आलंच नाही. "पीठ संपलं. हे विकराचं काम."

दुसऱ्या दिवशी बाई नळ्या घेऊन माझ्याच जीपमध्ये बसल्या आणि जनाबाईंच्या ओसरीवर तोच प्रयोग केला. काळे दाणे काढून उरलेली चांगली नागली जनाबाईंनी दळून टाकली होती. जनाबाई दोन्ही नळ्यांकडे बघत राहिल्या, आत गेल्या आणि पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्यातून दोन पायल्या काढून दिल्या.

प्रबंध वेळेत गेला. आभाराच्या पानावर जनाबाईंच्या शेजारी माझं नाव आहे. मागच्या महिन्यात बाई डॉक्टर झाल्या.

बाईंना खूप आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत आणि त्यांच्या टेबलावर नागलीला मोड येत राहोत.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या चहाच्या टपरीवर एवढं लिहून होतंय, तोच समोर जीप थांबली. एरवी गाव न सोडणाऱ्या जनाबाई उतरताहेत, डोक्यावर यंदाच्या नागलीचं गाठोडं! रस्त्यापलीकडूनच ओरडताहेत, "का रं, बाईचा विकार बरा झाला का?"