हरिदासची हिरवी खूण

तळेगावच्या बसथांब्यावर चहा पिताना हरिदास आजकाल रस्त्याकडे पाठ करून बसतो. समोरून कुंताबाई आल्या तर नजर कुठं ठेवायची, हा प्रश्न त्याला अजून सुटलेला नाही.

माणूस तसा सज्जन. नागपूरला भाजी पाठवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर, वय अठ्ठेचाळीस, हाताखाली चार गावांतली संकलन केंद्रं. कंपनीनं दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्याच्या मोबाइलमध्ये केंद्रांचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड घातला आणि गड्याचे पाय जमिनीला लागेनात. हिरवं म्हणजे शाबासकी, लाल म्हणजे झापायचं, एवढं ज्ञान त्यानं पचवलं होतं. घरी वरणात मीठ कमी पडलं तरी बायकोला सांगायचा, "कांता, आज लाल हाये."

सप्टेंबरच्या बैठकीत त्यानं केंद्र चालवणाऱ्या चारही बायांसमोर मोबाइल धरला आणि ठेवणीतल्या साहेबी मराठीत सुरू झाला.

"मागच्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तळेगावची भेंडी नव्वद क्रेट. यंदा एकतीस! कुंताबाई, पुढच्या महिन्यापासून तुमचं केंद्र बंद. वजनकाटा जमा करा."

चारही केंद्रं लाल होती, तळेगाव जरा जास्त. चारही एकदम लाल झाली तर काय विचारायचं, हे प्रशिक्षणात आलं नव्हतं.

कुंताबाईंनी नऊ वर्षं तो काटा सांभाळला होता. त्यांनी पदर खोचला.

"साहेब, कोन्ते दिवस खाली पडले ते त सांगा."

हरिदासनं बोटांनी आलेखाची रेघ मोठी केली. "एकवीस, बावीस, तेवीस ऑगस्ट."

"अन् बावीसले काय होतं?"

"शुक्रवार."

बाया पदराआड हसल्या.

"पोळा होता, साहेब! आदल्या दिशी खांदेमळनी, दुसऱ्या दिशी तान्हा पोळा. भेंडी कोन तोडन, बैल? मांगच्या साली पोळा सप्टेंबरात आलता. अन् तुमी कोठी होते त्या दिशी?"

"फिल्डवर," हरिदासच्या तोंडून सवयीनं निघालं.

"माह्या घरी होते. सात पोळ्या खाल्ल्या, वरून तूप मांगितलं!"

हशा पिकला. वाढताना कुंताबाई त्याला 'भाऊ' म्हणाल्या होत्या, तेही त्याला नेमकं तेव्हाच आठवलं.

घरी येऊन त्यानं मुख्य कार्यालयाला कळवलं : माल पोळ्यामुळे घटला, केंद्र बंद करू नये. तासाभरात उत्तर आलं : "त्या दिवशी काम बंद होतं, तर तुमच्या नावापुढं 'तळेगाव केंद्रभेट पूर्ण' ही हिरवी खूण कशी?"

हरिदासनं मोबाइल पालथा घातला. ती खूण त्यानं कुंताबाईंच्या ओट्यावर बसून, ढेकर देता देता केली होती. आता आपली खूण वाचवायची तर बाईचा काटा जाणार, आणि काटा वाचवायचा तर खरं लिहावं लागणार.

कांता म्हणाली, "खाताना लाजले नाई, आता लिवाले काऊन लाजून राह्यले?"

त्यानं लिहिलं, "केंद्रभेट झाली नाही. जेवायला गेलो होतो." सात हा आकडा तेवढा गाळला.

काटा तळेगावातच राहिला. हरिदासच्या नावापुढं लाल ठिपका आला, तो अजून आहे.

परवा चहा पिताना त्याच्या पाठीमागून आवाज आला, "भाऊ, पाठ केली म्हनून दिसत नाई काय? येत्या पोळ्याले जेवाले येजा."

त्यानं न वळताच मान हलवली. कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या, आणि या लाल रंगाचा अर्थ मात्र त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.