रिमोटची गोफण

संगमनेरच्या एका दुकानात जुन्या गेमचा रिमोट दिसला, मनगटात अडकवायच्या दोरीसकट.

"हात हलवून खेळायचे हे गेम अजून खपतात का हो?" मी विचारलं.

"आता उठून कोण खेळतंय?" दुकानदार हसला.

मला शेवगावची आत्या आठवली. जन्मभर तिनं गोफणीनं ज्वारीवरची पाखरं हाकलली. आमच्या घरी असाच गेम होता. ती आमच्याकडे आली तेव्हा त्याच सवयीनं तिनं दोरीत बोट अडकवलं, रिमोट डोक्यावरून गरगर फिरवला आणि झटका दिला. टीव्ही फुटणार म्हणून आम्ही मागं सरलो. पडद्यावर बोलिंगचा चेंडू घरंगळला, सगळ्या बाटल्या आडव्या!

"पर पाखरं कुठं हायेत रं?" आत्यानं विचारलं.

आता तिच्या रानात ऊस आहे. गोफण कुणी वळत नाही.

दुकानदार माझ्या हाताकडे बघत होता. माझं बोट केव्हाच दोरीत गेलं होतं.